शहापुराकडून स्टेशनकडे: गेलेल्या गोष्टी

संस्थानाची हद्द. शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं, बेळगाव इंग्रजांचं. 1887 मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावात आली, तेव्हा गाडी गाठायला शहापूरकर संस्थानाबाहेर पडे. 1948 च्या विलीनीकरणात ती हद्द पुसली गेली.

मालकांच्या पाट्या. 1908 पासून मद्रास अँड सदर्न मराठा (एम. अँड एस. एम.), 1951 पासून दक्षिण रेल्वे, 1966 पासून दक्षिण मध्य, 2003 पासून नैऋत्य. गाडीच्या उशिरावर यातल्या कुणाचाच परिणाम झाला नाही.

कॅसलरॉकची झडती. लोंढ्यावरून गोव्याला जाताना इथे ट्रंका उघडाव्या लागत. पलीकडे पोर्तुगीज होते.

मीटरगेज. एकमेकांपासून एक मीटर अंतरावरचे रूळ, आणि त्यांवरून बेळगाव ते पुणे एकाच गाडीत. सत्तरीच्या सुरुवातीला पुणे-मिरज मार्ग रुंद झाला आणि आमच्या नशिबी मिरज आलं. तिथे उतरायचं. ट्रंक नि वळकटी हमालाच्या डोक्यावर, लोणच्याची बरणी आईच्या हातात, पोरं एकमेकांना धरून. हमाल पुढे पळायचा आणि त्याचा लाल सदरा नजरेआड होऊ न देणं हे वडिलांचं काम. थोरल्यानं आधी धावत जाऊन मोठ्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमालावरून भांडणं होत. ती बहुधा मराठीतच मिटत. नव्वदीच्या दशकात मिरज-लोंढाही रुंद झाला. त्या धावपळीबद्दल हळहळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पुठ्ठ्याचं तिकीट. बोटाएवढं. बाबू ते यंत्रात दाबून तारीख उठवी.

कोळशाचं इंजिन, आणि खिडकीत बसणाऱ्याच्या डोळ्यात जाणारी त्याची कणी. स्टेशनबाहेरचे टांगे. (बेळगावची मिठाई, कुंदा, या यादीत नाही. तो अजून आहे.)

कपिलेश्वराचं गेट. ‘गेट पडलं होतं’ हे शहापुरात उशिराचं सर्वमान्य कारण. शाळेत चाले, कचेरीत चाले, सासुरवाडीतही चाले. उड्डाणपूल झाला आणि ते कारण गेलं. टिळकवाडीकरांकडे अजून गेटं शिल्लक आहेत, त्यांचं बरं आहे.

जुनं स्टेशन. सुमारे 190 कोटींच्या नव्या स्टेशनचं उद्घाटन 27 फेब्रुवारी 2023 ला झालं. ते प्रशस्त आहे, म्हाताऱ्यांच्या सोयीचं आहे, आणि जुन्यापेक्षा चांगलं आहे.

कुणाच्या पेटीत बेळगाव-मिरज तिकीट, पार्सलची पावती किंवा फलाटावरचा फोटो असेल, तर टाकू नका. फोटोमागे साल आणि माणसांची नावं लिहा. पेन्सिलीनं लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटते.