आमचा कॉम्प्युटर आता थकलाय!

आजच्या लेखातला पेशंट जरा वेगळा आहे. जन्म २०१२, लॅमिंग्टन रोड. राहणार मुलुंड पूर्व. तक्रारी अशा : सकाळी उठायला दहा मिनिटं लागतात, थोडं काम केलं की धाप लागते, मे महिन्यात अंग तापतं आणि अधूनमधून तारीख विसरतो. हा आमच्या घरातला कॉम्प्युटर. ज्या रस्त्यावर तो जन्मला त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. म्हणजे डॉक्टरांशी त्याचं नातं जन्मापासूनचंच! रोज दवाखान्यात मी आजी-आजोबांच्या नातेवाइकांना धीर देतो. याच्या बाबतीत मात्र घाबरलेला नातेवाईक मीच आहे.

विसरला म्हणजे म्हातारचळ लागला असं नाही

विसरभोळेपणाची तपासणी करताना आम्ही पेशंटला पहिल्यांदा विचारतो, "आज तारीख काय?" आमचा कॉम्प्युटर रोज सकाळी ठामपणे २०१२ सांगू लागला. घरात लगेच निदान झालं, "संपला आता हा." प्रत्यक्षात आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. नवी बॅटरी घातली आणि स्मृती परत आली.

माणसांचंही पुष्कळदा असंच असतं. घरातलं वडीलधारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं वागू लागलं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नव्याने सुरू झालेलं एखादं औषध, अशी उपचार होण्यासारखी कारणं त्यामागे असू शकतात.

आणि हो, काढलेली जुनी बॅटरी टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी उलटी काढायचा प्रयत्न न करता मुलाला थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या.

लसीकरण बंद!

पुढची काळजी मोठी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. माझ्या भाषेत सांगायचं तर लसीकरण थांबलं. विंडोज ११ घालावं, तर त्याला नवा प्रोसेसर आणि सुरक्षेची खास सोय लागते. आमच्या पेशंटकडे दोन्ही नाही. म्हणून मी त्याला विलगीकरणात ठेवलंय. इंटरनेटची वायर काढली, बँकेचे व्यवहार दुसरीकडे हलवले. आता त्याला बाहेरचा संसर्ग मुख्यतः पेनड्राइव्हमधून होऊ शकतो, त्यामुळे भेटायला येणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हची आधी तपासणी होते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, एवढं करण्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या की! घेतलाय. पण त्याला सीडीची खाच नाही. आमच्या सोसायटीत कुणाच्या कपाटातून जुन्या सीटी स्कॅनची किंवा एमआरआयची सीडी निघाली की मंडळी आमच्याच दारात येतात. कारण जुन्या स्कॅनला खरंच किंमत असते. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये छोटी गाठ दिसली, तर आमचा पहिला प्रश्न असतो, "ही आधीपासून आहे का?" काही वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही ती तेवढीच असेल, तर काळजी बरीच कमी होते. ईसीजीचंही तसंच. आजचा बदल नवा की जुना, हे जुना ईसीजी बघूनच कळतं. पण त्याचा कागद बहुधा उष्णतेवर छापणारा असतो. काही वर्षांनी तो पुसट होतो, शेवटी कोराच उरतो.

आईची वही

खरं सांगू? माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. माझ्या आईला मधुमेह होता. ती २०१९ साली गेली. शेवटची सहा वर्षं ती आपल्या साखरेची नोंद याच कॉम्प्युटरवर ठेवायची. शेजारच्या रकान्यात शेरा असायचा. 'उपाशीपोटी १६८. काल लग्नात दोन जिलब्या.' आणि दुसऱ्या दिवशी, 'खरं म्हणजे तीन.' इतका प्रामाणिक पेशंट मला पुन्हा मिळाला नाही.

अडचण अशी की ती युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायची. तीच फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली तर आकडे दिसतात, पण जिलब्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! ज्या कॉम्प्युटरमध्ये तो फॉन्ट आहे, त्यालाच आईची भाषा वाचता येते. आणि त्याची हार्ड डिस्क आता कुरकुर करते. आपलं हृदय मिनिटाला साधारण ७२ ठोके देतं. या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, तीही २०१२ पासून. कधी थांबेल ते ती आधी सांगेलच असं नाही.

मग करायचं काय?

जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची त्याच कॉम्प्युटरवर पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे मजकूर कुठेही वाचता येतो. आईची सहा वर्षं अशी पीडीएफमध्ये बसवायला मला एक रविवार पुरला.

सीडीवरचे स्कॅन, ईसीजी आणि महत्त्वाचे रिपोर्ट यांच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत तळमजल्यावरच्या कपाटातल्या फायलींचं काय झालं असेल ते सांगायला नको. माझी एक प्रत बोरिवलीला बहिणीकडे आहे. रिपोर्ट डिजिलॉकरमध्येही चढवता येतात. पण वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून बघा. न उघडणारी प्रत म्हणजे मुदत संपलेलं औषध.

आणि वेळ आलीच, तर कॉम्प्युटर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आत शिसं असतं, जुन्या पडद्यांमध्ये पारा असू शकतो. उघड्यावर तोडफोड केली, वायरी जाळल्या की ते विष माणसांच्या पोटात आणि फुप्फुसात जातं. हार्ड डिस्क काढून घ्या आणि बाकीचं नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

आमच्या पेशंटला मी अजून डिस्चार्ज दिलेला नाही. आईची वही सुरक्षित आहे, त्यामुळे आता त्याच्या कुरकुरीने माझ्या छातीत धडधडत नाही. तुमच्या घरीही असा एखादा म्हातारा कोपऱ्यात बसला असेल, तर तो बोलता आहे तोवर त्याच्याकडून सगळं लिहून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही माझा सल्ला हाच आहे.