निळी वायर

गाडी बंद करून मीटर जोडला की मी वीस-पंचवीस मिनिटं कशालाच हात लावत नाही. बॅटरीच्या मायनसची केबल सोडवायची, मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये घालायचा, उघड्या दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं बसवायचं, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. मग थांबायचं. आतल्या एकेका यंत्राला झोप लागेल तसा आकडा उतरत जातो. ५० मिलिअँपिअरच्या खाली आला तर ठीक.

परवा आलेल्या गुरुजींच्या गाडीचा आकडा ०.६ अँपिअरवर अडला होता. दीड वर्षात तिसरी बॅटरी. "बॅटऱ्याच हलक्या निघतात हो," गुरुजी म्हणाले. शनिवारी दुपारी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेत नसे. हिशेब सरळ होता : चाळीस तासांत २४ अँपिअर-अवर गेले, बॅटरी ३५ची. सेल्फला क्षणभर जोर द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं, एवढ्यासाठीच ही बॅटरी असते. दर आठवड्याला तळ गाठला की प्लेटांवर सल्फेट धरतं, घट्ट होतं, आणि मग कितीही चार्ज करा, ती भरत नाही.

डॅशबोर्डखालच्या फ्यूजांना हात लावण्याआधी बॅटरीजवळचा गाण्यांच्या ॲम्प्लिफायरचा, म्हणजे ॲम्पचा, फ्यूज काढला आणि ०.०२ झाला. डिकीत ॲम्पवर तळवा ठेवला. टेप बंद, तरी तो कोमट.

टेपमागची पिवळी वायर कायम चालू असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. लाल किल्लीबरोबर चालू होते. ॲम्पला उठवणारी निळी वायर कुणीतरी पिवळीला पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. बसवणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही. संध्याकाळची घाई, हाताला आधी पिवळी लागली असेल, गाणं वाजलं असेल. पण वाजतंय का हे सगळेच बघतात. गप्प होतंय का, हेही बघायला हवं होतं. त्या न बघण्यापायी गुरुजींनी दोन बॅटऱ्यांचे पैसे घातले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निळी सोडवून लालला जोडली, डाग दिला, फ्यूज परत बसवला.

"झालं ना, दादा?"

"बसा गुरुजी, अजून वीस मिनिटं."

चहा झाला. मीटरवर ०.०२. गुरुजींना डिकीपाशी नेलं, त्यांचाच हात ॲम्पवर ठेवला. गार होता.