खाली बसता आलं पाहिजे

चांदवड,
डिसेंबर

ती. दादास,


परवा फोनवर तू म्हणालास, "या वयात कसला योग? पाय डोक्यामागे नेणाऱ्यांचं काम ते." फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तू 'बरं बरं' म्हणतोस आणि फोन वहिनींच्या हातात देऊन मोकळा होतोस. म्हणून हे पत्र लिहिते आहे. यात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

मला एवढंच सांग, कशाचाही आधार न घेता जमिनीवरून शेवटचा कधी उठलास? आपल्या घरी जेवण पाटावर, अभ्यास सतरंजीवर, भाजी निवडणं उंबऱ्याशी. दिवसभर उठबस चालायची आणि तिला कुणी व्यायाम म्हणत नसे. आता जेवायला टेबल आलं, झोपायला उंच पलंग आला, संडासात कमोड आला. गुडघे दुखतात म्हणून तू खाली बसणं सोडलंस, आणि खाली बसणं सोडल्यामुळे मांड्या आणखी दुबळ्या झाल्या. या नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला आलास आणि पायऱ्या बघून गाडीतूनच हात जोडलेस. मला त्याचं वाईट वाटलं, पण तेव्हा बोलले नाही.

वयाबरोबर स्नायू घटतात, तोल सांभाळण्याची शरीराची चपळाई कमी होते. रात्री लघवीला उठताना पाय सटकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. तिथून पुढे माणूस अंथरुणाला कसा खिळतो हे आपण आपल्याच नात्यात पाहिलं आहे. तू रोज मनमाड स्टेशनपर्यंत फिरून येतोस, ते सोडू नकोस. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांत ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या चालण्यासारख्या हालचालीबरोबरच तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम किमान तीन दिवस सांगितले आहेत. नुसत्या फिरण्याने तेवढं होत नाही. बेताने केलेला योग ही उरलेली बाजू सांभाळतो, आणि त्याला चटई, भिंत आणि एक दणकट खुर्ची यापलीकडे काही लागत नाही.

आमच्या सकाळच्या वर्गात कोण येतं सांगू? दोन निवृत्त शिक्षक, बाजार समितीत हयात घालवलेला एक मापारी, सुनेच्या हाती घर सोपवलेल्या चार-पाच जणी आणि मी. डोक्यामागे पाय नेणारं यात कुणी नाही. भिंतीला पाठ लावून ताडासन करतो. भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर वृक्षासन, तेही पाऊल दुसऱ्या पायाच्या घोट्याशी ठेवून. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि धप्पकन न पडता सावकाश बसायचं. खुर्चीतच कमरेतून डावी-उजवीकडे वळायचं. मग पाठीवर झोपून सेतुबंधासन, एकेका पायाचं पवनमुक्तासन आणि डोक्याखाली चादरीची घडी घेऊन शवासन. शेवटी श्वास न कोंडता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. खाली बसून परत उठण्याचंही शिक्षण असतं: आधी कुशीवर वळायचं, मग एक गुडघा टेकायचा, दोन्ही हात खुर्चीवर ठेवायचे आणि मग उठायचं. मापारीमामा म्हणतात, एवढं एक आलं तरी वर्गाची फी वसूल.

सध्या इकडे उन्हाळ कांद्याची लागण चालू आहे. आमच्या गल्लीतली एक बाई शेतावरून येताना मला म्हणाली, "बाई, आम्ही दिवसभर वाकतोच की, अजून काय योग करायचा?" तिचा प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. लागणीला आणि काढणीला अंग तासन् तास एकाच बाजूला वाकतं, गुडघे तसेच दुमडलेले राहतात. तिला आणखी पुढे वाकायला लावणं हा अत्याचार होईल. तिला हवं ते उलट दिशेचं: पालथं झोपून हलकं भुजंगासन, हात वर करून ताणणं, पाय सैल सोडून पडून राहणं. खुर्चीत आयुष्य गेलेल्या तुला वेगळं हवं, तिला वेगळं. म्हणूनच टीव्ही लावून सगळ्यांनी एकच आसन करणं मला पटत नाही.

तू म्हणशील, ही सगळी नव्या जमान्याची सवलत. तसं नाही. हठयोगप्रदीपिका हा जुना ग्रंथ, पण त्यातही तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, आजारी, दुबळा, सगळ्यांना अभ्यासाचा अधिकार दिला आहे. प्राणायामात घाई केली तर अपाय होतो, हा इशाराही तिथेच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योग प्रयोगशाळेत तपासून घ्यायलाच. क्ष-किरण यंत्रं आणि दाबमापक घेऊन आसनांचा आणि क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे ते पाहत. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर यांनी खंगलेले. त्यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या आणि भिंतीतले दोर वापरून आखडलेल्या माणसांनाही आसनं करता येतील अशी सोय केली. ते स्वतः ९५ वर्षं जगले आणि म्हातारपणीही शीर्षासन करत. बेल्जियमच्या ऐंशीच्या घरातल्या राजमातेलाही त्यांनी शीर्षासन शिकवलं. पण तिच्या शेजारी स्वतः अय्यंगार उभे होते. तुझ्या शेजारी वहिनी असतील, तेव्हा तू त्या वाटेला जाऊ नकोस.

आपल्या जिल्ह्यात शिकवणाऱ्यांची वाण नाही. विश्वास मंडलिकांनी नाशकात योग विद्या धाम उभं केलं, असंख्य शिक्षक घडवले, आणि २०१८ मध्ये त्यांना योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. मनमाडमध्येही कुणी ना कुणी शिकलेला शिक्षक भेटेल. त्याच्याकडे जाशील तेव्हा आधी तो काय विचारतो ते बघ. रक्तदाब, साखर, डोळे, हर्निया, ऑपरेशनं याबद्दल न विचारता जो थेट कपालभाती सुरू करतो, त्याला तिथूनच नमस्कार कर.

आता तुझ्यापुरतं. तुझा रक्तदाब वरखाली होतो, म्हणून श्वास रोखून धरणं आणि जोरजोरात भस्त्रिका नको. झोपेतून किंवा शवासनातून झटकन उठू नकोस. दाबाच्या गोळ्यांनी तेवढ्यात चक्कर येते. योग उपाशीपोटी करावा म्हणतात, पण साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलास तर साखर खाली जाईल. गोळी आणि खाण्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरव. वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, तेव्हा डोकं खाली जाईल असं एकही आसन त्यांनी करायचं नाही. त्यांची हाडंही ठिसूळ झाली आहेत. पाय लांब करून कपाळ गुडघ्याला टेकवण्याच्या हट्टापायी मणका दबू शकतो. आणि वज्रासनात गुडघा बोलायला लागला, तर तुम्ही दोघांनीही त्याचं ऐकायचं.

योगाने मधुमेह मुळापासून जातो, गोळ्या सुटतात, असं सांगणारे तुझ्या मोबाइलवर रोज येत असतील. त्यांच्या नादाने औषध बंद करू नकोस. योगाने तोल सुधारतो, सांधे मोकळे राहतात, झोप बरी लागते, मन जरा निवतं. म्हातारपणी एवढं मिळालं तर ते थोडं नाही. शिवाय सकाळी वर्गातली माणसं आपली वाट पाहतात. एक दिवस गेले नाही तर तिसऱ्या प्रहराच्या आत दोन फोन येतात. मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांत या गोष्टीचं मोल गोळ्यांपेक्षा कमी नाही.

तेव्हा उद्याच डॉक्टरांना विचार, भिंतीजवळ चटई अंथर आणि खुर्चीवरून पाच वेळा उठबस करून सुरुवात कर. दमलास तर थांब, दुखलं तर सोड, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. वयाचं कारण मात्र मला परत सांगू नकोस. वय झालं आहे म्हणूनच हे करायचं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण