फुगलेला डबा काय सांगतो

कारखान्यात कपॅसिटर गेला की बहुतेक ठिकाणी स्टोअरमधून नवा काढून बसवतात आणि जुना भंगारात टाकतात. मला हे पाहवत नाही. एप्रिल 2020 पासून महावितरणचे उच्चदाब ग्राहक केव्हीएएचवर बिल भरतात, पॉवर फॅक्टर घसरला की लगेच पैसे जातात, म्हणून घाई समजते. पण जुना डबा नीट पाहिल्याशिवाय नवा बसवू नये.

आत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, तिच्यावर धातूचा अतिपातळ मुलामा. फिल्म कुठे भेदली गेली तर तिथला मुलामा उडून जातो आणि कपॅसिटर चालूच राहतो. मात्र दर वेळी थोडी क्षमता घटते, थोडा वायू साठतो. वायू फार झाला की डबा फुगतो आणि आतली जोडणी तुटते. म्हणजे फुगलेल्या डब्याने ताण सोसलेला असतो: जास्त व्होल्टेज, उष्णता किंवा हार्मोनिक्स. डबा शाबूत आणि टर्मिनल काळवंडलेलं असेल, तर आधी ढिला लग शोधा.

मग टाँग टेस्टर, तोही ट्रू आरएमएस. 440 व्होल्टचा 25 केव्हीएआर कपॅसिटर 415 व्होल्टवर सुमारे 31 अँपिअर घेतो. 24 दिसले तर क्षमता गेली. 40 दिसले तर दोष बहुधा कपॅसिटरचा नाही, त्यावर येणाऱ्या व्होल्टेजचा किंवा हार्मोनिक्सचा आहे. हे मोजमाप रात्रीही घ्यावं. भार उतरला की व्होल्टेज चढतं, आणि 10 टक्के चढलं तरी केव्हीएआर 21 टक्के वाढतात.

चाकणच्या एका मोल्डिंग कारखान्यात डबे सारखे फुगत. 'माल हलका आलाय' म्हणून मेक बदलून झाला होता. ट्रान्सफॉर्मर 1000 केव्हीए, इम्पिडन्स 5 टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट पातळी 20,000 केव्हीए. एपीएफसी पॅनलने 400 केव्हीएआर जोडले की भागाकार 50, त्याचं वर्गमूळ सातच्या किंचित वर, म्हणजे रेझोनन्स सातव्या हार्मोनिकजवळ. आणि मशिनांवरचे ड्राइव्ह पाचवी नि सातवी हार्मोनिक सोडत होते. ऐन भाराच्या वेळी, नेमक्या त्याच टप्प्याला, 350 हर्ट्झवर रेझोनन्स! पॅनलची गुणगुण दारापर्यंत ऐकू यायची. 200 केव्हीएआरवर तेच पॅनल शांत, त्यामुळे सकाळच्या तपासणीत काहीच सापडत नसे.

अशा ठिकाणी 7 टक्क्यांचा डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर लागतो. तो कपॅसिटरसोबतच्या जोडीचा रेझोनन्स 189 हर्ट्झला आणतो, पाचव्या हार्मोनिकच्या खाली. पण रिअ‍ॅक्टरमागे कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं: 415 चे 446 होतात. जुने 440 चे डबे तिथेच ठेवले तर ते पुन्हा जाणार. तिथे 525 व्होल्टचे हवेत, आणि 525 व्होल्टचा 25 केव्हीएआर डबा रिअ‍ॅक्टरसह 415 वर जेमतेम 17 केव्हीएआर देतो. खरे 25 मिळवायला 37 चा डबा लागतो, म्हणून ऑर्डर 25 ची द्यायची की 37 ची, हे खरेदी विभागाला आधीच लिहून द्यावं.