दाब

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. घाट उतरणाऱ्या जीपमधल्या माणसांचे प्राण मात्र त्याच्याच हवाली असतात.

२००९च्या ऑगस्टमध्ये हिमाचलातील कुंझुम खिंड ओलांडून आम्ही स्पीतीत उतरत होतो. साडेचार हजार मीटर उंची, सुटी खडी, जीपमध्ये सहा माणसे. एका वळणावर ब्रेकचे पेडल जवळजवळ तळाला टेकले. पुढच्या व मागच्या चाकांच्या तेलवाहिन्या वेगळ्या असल्यामुळे पुढचे ब्रेक शाबूत होते. मागचे गेले होते. अशा वेळी ब्रेक जोराने दाबला, तर खडीवर पुढची चाके जखडतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. आमच्या अबोल चालकाने पहिला गिअर टाकला आणि इंजिनाच्या रोधावर गाडी लोसर गावापर्यंत उतरवली.

तेथे त्याचा शोध सुरू झाला. टाकीतले तेल उतरले होते, म्हणजे ते कुठेतरी पाझरले असणार. नळीवरून बोट फिरवीत तो मागच्या डाव्या चाकापाशी थांबला. ड्रम काढताच तेलाने भिजलेले ब्रेक शू दिसले. सिलिंडरमधली इवलीशी रबरी वाटी फाटली होती. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्या ओलाव्याने आत गंज धरला होता आणि गंजाच्या खरखरीने रबर कापले होते. त्याने पॉलिश पेपरने गंज घासला आणि पेटीतली नवी वाटी व कोरडे शू बसवले.

तरीही पेडल मऊच. वाहिनीत हवा शिरली होती. तेल दबत नाही, हवा दबते. पायाचा सारा जोर तो बुडबुडाच गिळतो. मी पेडलवर, तो चाकाखाली. “दबाओ.” “पकडके रखो.” निपल सैल होताच फेसाळ तेल फुसकन बाहेर येई, ते घट्ट झाल्यावरच “छोडो.” पाय आधी उचलला, तर हवा पुन्हा आत. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. भिस्त आवाजावर होती. बऱ्याच वेळाने तळव्याला तो ठामपणा जाणवला.

फाटलेली वाटी डोळ्यांना दिसते. बुडबुडा पायालाच कळतो. कितीतरी नात्यांत, संस्थांत गळती कुठे दिसत नाही, तरीही एका टोकाचा दाब दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही. तेथला दोष काढायला एकटा माणूस पुरत नाही. एकाने दाबून धरावे लागते आणि दुसऱ्याने नेमक्या क्षणी सैल करावे लागते.