जुलाब थांबत नाहीत तेव्हा

वाचकहो, पावसाळ्यात घरातील वडीलधाऱ्यांना जुलाब लागले, की आपण नव्या पाण्याला दोष देतो. पुष्कळदा ते खरेही असते. जलसंजीवनी आणि मऊ भात यांवर चार दिवसांत प्रकृती सावरते. परंतु आठवडा उलटूनही जुलाब थांबले नाहीत, किंवा शौचातून एकदा जरी रक्त पडले, तर कारण पाण्यापलीकडे शोधावे लागते. माझ्या सासूबाईंच्या आजारपणाने आम्हांला हे शिकवले.

आमवातासाठी त्या अनेक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. जुलाबांवर प्रतिजैविके देऊनही उतार पडेना. साध्या तपासणीत काही निघेना. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला खरा, पण मोठ्या तपासणीसाठी आमची वाट अकोल्याकडेच वळली. तेथे दुर्बिणीतून मोठ्या आतड्यात व्रण दिसले. त्यांतील बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता घुबडाच्या डोळ्यांसारख्या फुगीर पेशी आढळल्या. निदान झाले : सायटोमेगॅलो विषाणूमुळे आलेला आतड्याचा दाह.

हा विषाणू बहुधा नव्याने आलेला नसतो. आपल्याकडे बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच शिरतो आणि निमूट पडून राहतो. कांजिण्यांचा विषाणू उतारवयात नागीण होऊन उठतो, त्याच्याच कुळातला हा. स्टेरॉइड, कर्करोगावरील औषधे, अवयव-प्रत्यारोपण किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती खचली, की तो डोके वर काढतो.

यावर गॅन्सिक्लोव्हिर हे औषध शिरेतून देतात. मूत्रपिंडाच्या शक्तीनुसार त्याची मात्रा ठरते आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवावे लागते. तीन आठवड्यांनी सासूबाईंना भाकरीची चव कळू लागली.

सेवा करणाऱ्यांनो, रुग्ण घेत असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही दाखवा, कारण त्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेले असते. चालू असलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते. रक्त पडत असताना जुलाब थोपवणारी गोळी परस्पर देऊ नका.

आणि ज्येष्ठहो, सासूबाईंनी रक्ताची गोष्ट लाजेपोटी आठवडाभर लपवली होती. सुनेला सांगवत नसेल तर लेकीला सांगा, नातीला सांगा, पण सांगा.