पेठेचा जीव बाजारात

जुनं शहर जगवायचं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पुण्याच्या पेठांचा विचार करताना सुटत नाही. शनिवारवाड्यातले महाल १८२८च्या आगीत जळाले, तटबंदी तेवढी राहिली. तिथे माणसं तिकीट काढून येतात आणि निघून जातात. १८८६ साली सुरू झालेल्या मंडईत मात्र अजून रोज भाजीचा भाव होतो. कसब्यातल्या तांबट आळीतही हातोडी थांबलेली नाही; बंबाची मागणी घटली तसे कारागीर शोभेच्या वस्तूंकडेही वळले. वापरातली वास्तू टिकते, कारण तिच्यावर कुणाचं तरी पोट असतं.

गर्दीचं काय, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे, पण गल्ल्या अडवतात त्या उभ्या गाड्या, चालणारी गिऱ्हाइकं नव्हेत. शिवाय २०२४पासून मेट्रो थेट मंडईपर्यंत येते. ऑनलाइन स्वस्त मिळतं हेही मान्य. तरी चेपलेलं पातेलं ठोकून घ्यायला कारागीरच लागतो. खरा धोका पुनर्विकासाचा आहे. नव्या इमारतीतला गाळा जुन्या दुकानदाराला परवडला नाही, तर पेठ नावापुरती उरेल. म्हणून वारसा जपण्याच्या आराखड्यात दर्शनी भागाच्या रंगाआधी परवडणारं भाडं आणि कारागिराला कामाची जागा यांची तरतूद हवी.